दोनदा लिहिलेली नावं

माझ्या पेन्शनच्या कागदांवर माझा हुद्दा 'सिस्टीम असिस्टंट' असा लिहिलेला आहे. त्याचा अर्थ बनारसच्या आमच्या गल्लीत कधीच कुणाला कळला नाही. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की जी पाचसात मराठी घरं लागतात, त्यांतलं एक आमचं. शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की नलिनी युनिव्हर्सिटीत कंप्युटरवर आहे, म्हणजे ती यंत्रं दुरुस्त करते. त्या भरवशावर लोकांनी माझ्याकडे मिक्सर आणले, ट्रान्झिस्टर आणले, एकदा तर भिंतीवरचं घड्याळ आणून ठेवलं. मी दुरुस्तीचंच काम करत असे, पण ज्या वस्तूंची करत असे त्या कुणाला दाखवता येण्यासारख्या नव्हत्या. त्यामुळे घड्याळ तसंच परत पाठवलं की माझ्याविषयीचा आदर थोडा उतरायचा.

काम काय होतं ते आधी सांगते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या कंप्युटर सेंटरमधल्या मोठ्या यंत्रावर चित्रंबित्रं काही नसत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. आपण एक शब्द टाइप करायचा, तो एका छोट्या प्रोग्रामचं नाव असायचा, आणि तो प्रोग्राम आपलं एकच काम करून गप्प बसायचा. एक ओळी मोजणारा, एक याद्या अक्षरक्रमाने लावणारा, एक शब्द शोधणारा. स्वयंपाकघरात चिमटा, किसणी, गाळणं असतं तशी ही हत्यारं. एकाने केलेलं काम दुसऱ्याकडे सोपवायचं, असं करत मोठमोठी कामं उरकायची.

ही हत्यारं जगभरच्या लोकांनी हौसेने केलेली होती आणि त्यांच्याबरोबर ती कशी केली याची पूर्ण कृतीही मिळायची. कुणीही वाचावी, चूक सापडली तर सुधारून कर्त्याला कळवावी. आज याला ओपन सोर्स म्हणतात. आमचे साहेब त्रिपाठीजी त्याला 'मुफ़्त का माल' म्हणत. मेल होती, पण मोडेम दिवसातून दोनदाच फोन लावायचा आणि लागला तर लागला. परदेशातल्या माणसाला सोमवारी लिहिलं की उत्तर गुरुवारी आलं तरी आम्ही खूश असायचो.

मी या कामात ओढली गेले ती एका देवनागरी यादीमुळे. आमच्या इथे हिंदीत टाइप करायची सोय नव्यानेच आली होती. प्राध्यापकांची नावं हिंदीत टाइप करून त्यांची यादी एका प्रोग्रामला दिली की तो मान टाकायचा. इंग्रजी नावं दिली की सुरळीत चाले. त्रिपाठीजी म्हणाले, "अंग्रेज़ी में कर दीजिए, किस्सा ख़त्म." मला ते पटेना. मी कृती वाचायला घेतली आणि आठवडाभराने लक्षात आलं की प्रोग्रामला प्रत्येक अक्षराचा एक नंबर असतो, आणि देवनागरी अक्षरांचे मोठे नंबर तो चुकून उणे धरत होता. रांगेत उणे चाळीस नंबरचा माणूस शोधायला निघाल्यावर दुसरं काय होणार? दुरुस्ती एका शब्दाची होती. तो शब्द मी कर्त्याला कळवला, आणि पुढच्या आवृत्तीबरोबर आलेल्या नावांच्या यादीत माझं नाव आलं. मी त्याचा कागद छापून घरी नेला. वहिनीने तो वाचला, देवापुढे ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आता बढती?" मी नाही म्हटल्यावर तिने तो उचलून मला परत दिला.

त्यानंतर मी अशा सात-आठ चुका काढल्या. कधी प्रोग्राममधल्या, पण जास्त करून मॅन्युअलमधल्या. प्रोग्राम करणाऱ्याला आपला प्रोग्राम इतका पाठ असतो की दुसऱ्याला काय माहीत नाही हेच त्याला सुचत नाही. एकेक वाक्य सरळ करून पाठवायचं, हा माझा दुपारच्या चहानंतरचा उद्योग. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि सांगायला हरकत नाही, थोडा गर्वही झाला होता. ही हत्यारं आपल्या घरचीच, असं वाटायला लागलं होतं.

त्याच दिवसांत प्रवेशपरीक्षेच्या अर्जांची यादी माझ्याकडे आली.

दरवर्षी जूनमध्ये परीक्षा व्हायची. अर्ज डाकेने येत, खिडकीवरही घेतले जात. दोन बाबू ते टाइप करत: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं एका ओळीत. काही मुलांचे अर्ज दोनदा यायचे, म्हणून त्यांना परीक्षेला बसायची दोन कार्डं जायची आणि परीक्षेच्या दिवशी गोंधळ व्हायचा. मी म्हटलं, एवढंच ना? यादीतल्या पुन्हा आलेल्या ओळी काढणारं एक हत्यार माझ्याकडे होतं. त्याला कामाच्या दोन-तीन तऱ्हा होत्या. त्यातल्या एकीबद्दल मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की ती पुन्हा आलेल्या ओळी काढून टाकते. मी ती लावली, यादी आटोपशीर झाली, कार्डं छापून रवाना झाली. त्रिपाठीजींनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

परीक्षा रविवारी होती. बुधवारी सकाळी शुभदा मोघे माझ्या टेबलाशी आली. आमच्याच गल्लीतली, मोघेकाकांची मुलगी.

"नलिनीताई, मेरा कार्ड ही नहीं आया. सगळ्यांचं आलं. आई घाबरलीय."

"अर्ज पोचला होता का पण?"

"दोन-दोन भरले होते. बाबा म्हणाले डाकेवर भरवसा नाही, एक हाताने देऊन ये."

मोघेकाका रेल्वेच्या डाकेत पत्रं निवडायच्या कामाला होते. डाकेवर भरवसा नसणारा तेवढाच एक डाकवाला मी पाहिला. मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. दोन अर्ज. मी यंत्राकडे धावले आणि जुनी यादी उघडली. शुभदाची ओळ दोनदा होती. नव्या यादीत एकदाही नव्हती.

त्या तऱ्हेत तो प्रोग्राम दोनदा आलेल्या नावाची एक प्रत ठेवत नव्हता, तो दोन्ही काढत होता. मॅन्युअलने काय काढलं जाईल ते सांगितलं होतं. मागे काय उरेल ते सांगितलंच नव्हतं, आणि मी उरलेलं तपासून पाहिलं नव्हतं. शंभरदा लोकांना सांगितलेली गोष्ट मी स्वतः केली नव्हती. त्यातही गंमत अशी की ज्यांचं अक्षर गिचमिड होतं त्यांची नावं दोन बाबूंनी दोन तऱ्हांनी वाचली, म्हणून ती दोनदा टिकली आणि त्या मुलांना दोन-दोन कार्डं गेली. ज्यांनी सुवाच्य अक्षरात, काळजीपूर्वक, दोनदा अर्ज केला, नेमके तेच साफ बाहेर पडले होते.

असे तेवीस निघाले. मी त्रिपाठीजींच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किसी और को बताया?"

"अजून नाही. आता रजिस्ट्रारसाहेबांना सांगते."

"पहले बच्चों को बताइए," ते म्हणाले. "साहब तो सोमवार को भी यहीं रहेंगे."

त्रिपाठीजींबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं आहे.

तेवीस कार्डं लगेच छापून घेतली. तेवीसपैकी चौदा शहरातले होते. आमचे चपराशी महादेव सायकलवर लंका, नगवा, भेलूपूर करून आले. घाटांच्या गल्ल्यांत सायकल चालत नाही, तिथे मी पायी. एक मुलगा मुन्शी घाटाच्या वर खोली घेऊन राहत होता. घरमालकाने सांगितलं तो खाली अंघोळीला गेलाय. मी पायऱ्या उतरून त्याच्या नावाने हाका मारल्या. तो पाण्यातूनच म्हणाला, "मैडम, ज़रा पकड़े रहिए, हाथ गीला है." मग तो चांगला तीन बुड्या मारून, अंग पुसून, धोतर बदलून आला आणि कार्ड घेतलं. मी तितका वेळ ते दोन्ही हातांनी धरून उभी होते. नऊजण बाहेरगावचे. त्यांना तारा केल्या. ज्या गावांना थेट बस होती तिथे महादेवांनी कंडक्टरच्या हाती कार्ड दिलं आणि गावचं नाव तीनदा वदवून घेतलं.

रविवारी मी परीक्षेच्या फाटकाशी यादी घेऊन उभी राहिले. एकेकजण येई तशी खूण करत होते. शुभदा आली, मुन्शी घाटवाला आला, जौनपूरचे दोघे बसमधून उतरून धावत आले. घंटा झाली तेव्हा बावीस खुणा झाल्या होत्या. फाटक बंद झाल्यावरही मी पाऊण तास तिथे होते. तेविसावा आला नाही.

तो मंगळवारी आला. बलियाकडच्या एका गावचा, नाव रामअवध यादव. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात तार.

"मैडम, तार तो कल साँझ को मिला. परीक्षा हो गया क्या?"

मी त्याला बाकावर बसवलं आणि रजिस्ट्रारसाहेबांकडे गेले. चूक माझी आहे असं लिहून दिलं, या एका मुलाची परीक्षा वेगळी घ्यावी अशी विनंती केली. साहेब वाईट नव्हते. पण एकासाठी परीक्षा घेतली तर उद्या शंभर उभे राहतील, असं ते म्हणाले आणि माझ्या अर्जावर तसा शेरा मारला. मला मेमो मिळाला तो वेगळाच. तो मला लागला नाही, लागायला हवा होता तितकासुद्धा नाही, कारण बाहेर बाकावर तो मुलगा बसला होता आणि त्याला जाऊन सांगायचं होतं.

मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "गलती किसका था?"

"माझी. मेरी ग़लती थी."

"अच्छा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्याचं दिसलं. "हम समझे हमारा था. दू ठो फारम भेजने का. बाबूजी एक ठो खुद आकर खिड़की पर दिए थे, सबेरे से लाइन में खड़े होकर. पूरे रस्ता हम यही सोचते आए कि बाबूजी को कैसे बताएँ कि उन्हीं के फारम से नाम कट गया."

त्या वाक्याने मला जितकं बोचलं तितकं नोकरीत दुसऱ्या कशाने बोचलं नाही. त्याचं एक वर्ष गेलं होतं, आणि तो गुन्हा आपल्या बापाच्या माथी असल्याचं धरून आला होता. मी त्याला एका कागदावर हिंदीत लिहून दिलं की चूक युनिव्हर्सिटीच्या कंप्युटर सेंटरची होती, दोन अर्ज केल्याची नव्हती. खाली सही केली, सेंटरचा शिक्का मारला. तो कागद घडी करून खिशात ठेवून गेला.

मग मी मेल लिहायला बसले. त्या हत्याराच्या कर्त्याला कळवलं की तुमचं वाक्य अपुरं आहे, त्याने माणसं बुडतात. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य आणि थंड. प्रोग्राम सांगितलं तेच करतो, पुन्हा आलेल्या ओळी काढतो. तुम्ही वगळता हे वाक्य कुणी चुकीचं वाचल्याचं कानावर नाही. मी दुसरं लिहिलं, त्याचंही तसंच उत्तर आलं. त्रिपाठीजी म्हणाले, "अपनी भूल को किताब के सिर मत मढ़िए, नलिनी जी." त्यात तथ्य होतं म्हणूनच ते झोंबलं. भूल माझी होतीच. पण खड्ड्यात पडलेल्याने खड्डा आहे म्हणू नये की काय? सहा महिने मी गप्प राहिले, पण ते डोक्यातून गेलं नाही.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं कुणाकुणाला जायचं ती यादी वहिनी करत होती. आमच्या गल्ल्यांत ही नाजूक बाब आहे. इथल्या मराठी मुली इथल्याच मराठी घरांत दिल्या जातात, त्यामुळे एकच बाई माहेरच्या घरातही मोजली जाते आणि सासरच्याही. यादीत कुसुम दोनदा होती, विमल दोनदा होती. वहिनी म्हणाली, "दोनदा आलेली नावं काढून टाक गं." मी पेन उचललं आणि थांबले. मला पुरावा सापडला होता.

हळदीकुंकवाला आलेल्या आठ बायकांना मी एकेक करून विचारलं. समजा तुम्हाला यादी दिली आणि म्हटलं, पुन्हा आलेली नावं काढून टाका. तर कुसुमला बोलावणं जाईल की नाही? सातजणींनी सांगितलं, जाईल, एकदा. माईआजी तर माझ्याकडे बघतच राहिल्या. "न जायला तिने काय केलंय?" म्हणाल्या. आठवी बँकेत नोकरी करणारी. ती म्हणाली, "मी दोन्ही कापीन आणि मग वरच्याला विचारीन." कुसुम स्वतः तिथेच बसलेली होती. तिला वाटलं काहीतरी भानगड आहे, आणि तिची समजूत काढायला मला तिळगुळाचे चार लाडू जास्त द्यावे लागले.

हे सगळं मी मेलमध्ये लिहिलं. बँकवालीचं मतसुद्धा प्रामाणिकपणे लिहिलं. हळदीकुंकू म्हणजे काय, आणि बोलावणं न गेल्यास काय होतं, हेही दोन ओळींत सांगितलं. खाली माझं वाक्य सुचवलं: जी ओळ एकाहून अधिक वेळा आली आहे तिची एकही प्रत उरणार नाही, एक प्रत हवी असेल तर ही तऱ्हा वापरू नका. शेवटी रामअवधची हकिगत लिहिली.

उत्तर मोडेमच्या दुसऱ्याच फोनला आलं. वाक्य जसंच्या तसं घेतो आहे, असं कर्त्याने लिहिलं होतं. त्याच्याकडेही लग्नाच्या आमंत्रणांवरून एकदा असंच झालं होतं म्हणे, तेव्हा दोष त्याने बायकोला दिला होता. आणि विचारलं होतं, ही चूक कळवणारा म्हणून कुणाचं नाव लावू?

मी माझं लावलं असतं. बोटं त्याच अक्षरांवर गेलीही होती. मग मी रामअवध यादवचं नाव लिहिलं.

पुढच्या जूनमध्ये रामअवध परीक्षेला आला तेव्हा वडिलांना घेऊन आला. शिवमंगलजी, डोक्याला गमछा, बोलणं कमी. परीक्षा संपल्यावर दोघे मला भेटायला सेंटरवर आले. नवी आवृत्ती तोवर आमच्या यंत्रावर आली होती. मी नावांची यादी छापून त्यांच्यापुढे ठेवली आणि रामअवधचं नाव बोटाने दाखवलं. म्हटलं, जगात जिथे जिथे हे हत्यार आहे तिथे तिथे हे नाव आहे.

"इससे एडमिशन में कुछ फायदा होगा?" रामअवधने विचारलं.

"नाही रे."

तो हसला. शिवमंगलजींना वाचता येत नव्हतं, त्यांनी मुलाकडून ओळ दोनदा वाचून घेतली. मग मला म्हणाले, "बहिनजी, ई कौन रामअवध है? हमरे गाँव में तीन ठो रामअवध हैं. बाप का नाम नहीं है तो कोई कैसे जानेगा?"

मी हो म्हटलं, चूक झाली, आणि त्याच दिवशी मेल पाठवली. अशी पद्धत नाही, असं उत्तर येईल याची खात्री होती. उत्तर एका ओळीचं आलं: स्पेलिंग कळवा.

रामअवधला त्या वर्षी प्रवेश मिळाला, स्वतःच्या मार्कांवर. दिवाळीच्या सुमाराला पुढची आवृत्ती आली. जगभरच्या दोनेकशे नावांच्या त्या यादीत त्याचं नाव 'पिता शिवमंगल यादव' असं पूर्ण छापलेलं आहे, आणि बापाचं नाव लावलेलं त्यात दुसरं कुणी नाही. मी तो कागद त्याच्या हाती गावाला पाठवला. सुट्टीवरून परतल्यावर तो मुद्दाम सांगायला आला की बाबूजींनी कागद प्रधानजींना, म्हणजे गावच्या सरपंचांना, दाखवला आणि उरलेल्या दोन्ही रामअवधांनाही. त्याचं गेलेलं वर्ष मला परत देता आलं नाही. पण तो कोणता रामअवध, याबद्दल त्या गावात आता कुणालाही शंका नाही.